केस पेपरवरचे वजन

मूल वॉर्डात दाखल झाले की सिस्टर सर्वांत आधी त्याचे वजन करतात. काटा शून्यावर आणतात, मुलाला त्यावर ठेवतात, मूल रडते, आकडा खालीवर होतो, थांबतो आणि केस पेपरच्या कोपऱ्यात उतरतो. हे वजन कशासाठी घेतले, असे विचारले तर कोणीही सांगेल, औषधाची मात्रा काढायला. पॅरासिटामॉल किती, अँटिबायोटिक किती, सलाईन ताशी किती, सगळे किलोच्या हिशेबाने ठरते. ते बरोबरच आहे. पण तो आकडा त्या मुलाबद्दलही काही सांगत असतो, आणि ते ऐकायला बहुतेक वेळा कोणी थांबत नाही. दाखल मुलाला पोषणाचा धोका आहे का, हे ओळखायला जे लागते त्यातले निम्मे काम आपल्या वॉर्डात रोज आपोआप होते. उरलेले निम्मे म्हणजे तो आकडा वाचायचा, दंडाला एक टेप लावायची आणि आईला तीन-चार प्रश्न विचारायचे. पुढची सगळी पाने या उरलेल्या निम्म्या कामाबद्दल आहेत.

आहारतज्ज्ञ म्हणून पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात मुलांच्या वॉर्डांतून फिरताना एक मुलगी माझ्या मनात कायमची राहिली. तिचे नाव, रुग्णालयाचे नाव इथे देत नाही, त्याची गरजही नाही. दोन वर्षे पुरी झालेली, न्यूमोनियाने दाखल. आई-वडील माणच्या पुढे एका इमारतीच्या कामावर, पत्र्याच्या खोलीत राहणारे. केस पेपरवर वजन लिहिले होते ८.४ किलो. या ८.४ चा गुणाकार दिवसातून तीन-चार वेळा होत होता, इंजेक्शनच्या प्रत्येक डोसाला. मात्रा अगदी अचूक होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलीचे मध्यम वजन साडेअकरा किलो आहे आणि ९ किलोच्या खाली धोक्याची रेषा सुरू होते. हे वॉर्डातल्या प्रत्येकाला माहीत होते, मला तर होतेच. पण नऊ दिवसांत कोणीही तो तक्ता उघडला नाही. मीही नाही, कारण मला त्या खाटेवर कोणी बोलावले नव्हते, आणि बोलावल्याशिवाय जायचे नाही अशी माझी तेव्हाची समजूत होती.

छाती मोकळी झाली, ताप उतरला, मुलगी घरी गेली. घरी जाताना वजन केले नव्हते. तीन आठवड्यांनी ती जुलाबाने परत आली तेव्हा काट्यावर ७.६ भरले आणि दंडाचा घेर ११.३ सेंटिमीटर. आई म्हणाली, "तेव्हापासनं खातच नाही ती. दवाखान्यातही दूधबिस्किटावरच होती." नऊ दिवस ती दूधबिस्किटावर होती, हे त्या नऊ दिवसांच्या कागदांत कुठेही नव्हते. शौचाची नोंद होती, लघवीची होती, तापाचा आलेख दर सहा तासांनी होता. खाण्याला रकानाच नव्हता. पुढे पोषण पुनर्वसन केंद्रात राहून ती सावरली. पण पहिल्या दिवशी दोन मिनिटे दिली असती तर तिला ती दुसरी फेरी पडली नसती, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

माण म्हटले की साताऱ्याचा दुष्काळी माण तालुका आठवतो. हे माण मुळशीतले, हिंजवडीला लागून असलेले. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा इथे आहे, शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचे कारशेड इथे आहे. जुने गावठाण, भातखाचरे, त्यांच्यामधून उभे राहिलेले वीस-वीस मजल्यांचे टॉवर आणि त्या टॉवरांच्या पायथ्याशी पत्र्याच्या वसाहती. इथली मुले आजारी पडली की गावातले प्राथमिक आरोग्य केंद्र असते, पौडचे ग्रामीण रुग्णालय असते, औंधचे जिल्हा रुग्णालय, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, आणि वाकड-हिंजवडीच्या रस्त्यावर दर दोनशे पावलांवर एखादे खासगी बालरुग्णालय. यातल्या खासगी वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर मी दोन मुले पाहिली आहेत, एक सेंटरिंगच्या कामावरच्या मुकादमाचे, दुसरे संगणक अभियंता आई-वडिलांचे. पहिल्याचा धोका निदान दिसण्याची शक्यता तरी असते. दुसऱ्याचा दिसतच नाही, कारण ते गुबगुबीत असते. डेंग्यूने चार दिवस काहीही न खाल्लेले, आठवड्यात एक किलो गमावलेले गुबगुबीत मूल पोषणाच्या दृष्टीने धोक्यात असते, हे आपल्या डोळ्यांना पटत नाही.

इथेच एक फरक स्पष्ट करायला हवा. कुपोषण ही आजची अवस्था आहे, आणि पोषणाचा धोका म्हणजे उद्या काय होऊ शकते याचा अंदाज. आज ठीक असलेले मूल या आजाराने, या शस्त्रक्रियेने, या न खाण्याने पुढच्या आठवड्यात कुठे पोचेल, हा प्रश्न धोक्याचा. आपल्या राज्यात कुपोषणाच्या प्रश्नावर पुष्कळ काम झाले आहे, आणि ते मी कमी लेखत नाही. १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलेल्या रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्या बायकांच्या हाती वजनकाटा दिला आणि पाच वर्षांखालच्या मुलांची वाढ त्यांच्याकडून नोंदवून घेतली. मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले, आणि दोन वर्षांखालच्या मुलांमधले खुजेपणाचे प्रमाण २००५-०६ च्या ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या राज्य सर्वेक्षणात २३ टक्क्यांवर आले. गावात ग्राम बाल विकास केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्रात बाल उपचार केंद्र, जिल्ह्याला पोषण पुनर्वसन केंद्र, अशी उतरंड उभी राहिली. सोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याची सोय झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशपातळीवरची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली.

तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश निघाली आणि १०.९ टक्के अतितीव्र कृश. देशाचे आकडे १९.३ आणि ७.७. हे घरोघरी जाऊन मोजलेल्या मुलांचे आकडे आहेत. आजारी पडून खाटेवर आलेल्या मुलांत हे प्रमाण याहून कमी असेल, असे मानायला काही आधार नाही.

ही सगळी उतरंड कुपोषित मुलाला शोधून रुग्णालयाकडे आणते. पण मूल स्वतःच न्यूमोनियाने, फिट येऊन, हाड मोडून, हृदयाच्या छिद्रासाठी रुग्णालयात आले तर त्याच्याकडे पोषणाच्या नजरेने पाहायचे कोणी? अंगणवाडीत ज्या मुलाचे दर महिन्याला वजन होते, त्याच मुलाच्या वजनाचा अर्थ ते सुसज्ज इमारतीत आल्यावर कोणी लावत नाही. ही उणीव फक्त आपली नाही. १९७४ मध्ये चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकी डॉक्टरांनी एका गाजलेल्या लेखात दाखवून दिले होते की मोठमोठ्या रुग्णालयांत रुग्णांची उपासमार होते, आणि ती डॉक्टरांच्याच नजरेसमोर होते. वजन नोंदवले जात नाही, उपाशी ठेवण्याचे दिवस मोजले जात नाहीत, सलाईनवर आठवडे निघतात, अशी त्यांची तक्रार होती. पन्नास वर्षांनंतर ती यादी आपल्या वॉर्डात जशीच्या तशी लागू पडते.

आता मोजायचे कसे. युरोपात यासाठी काही पद्धती तयार झाल्या. ग्लासगोच्या यॉर्कहिल रुग्णालयाची 'पिम्स', मँचेस्टरची 'स्टॅम्प', आणि हॉलंडची 'स्ट्राँगकिड्स'. पहिल्या दोन्हींना वजन-उंचीचे तक्ते लागतात आणि ते तक्ते ब्रिटिश मुलांचे आहेत. स्ट्राँगकिड्सला काटाही लागत नाही. २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा हॉलंडमधल्या ४४ रुग्णालयांतल्या ४२४ मुलांवर तपासून पाहिलेली होती. तिच्यात चार प्रश्न आहेत. मूल पाहताक्षणी अंगावर मांस-चरबी कमी दिसते का, चेहरा सुकलेला आहे का, यास १ गुण. मुळात पोषण खालावणारा आजार आहे का किंवा मोठी शस्त्रक्रिया होणार आहे का, यास २. गेल्या काही दिवसांत जुलाब-उलट्या, खाणे कमी, किंवा दुखण्यामुळे खाता न येणे, यास १. वजन घटले किंवा तान्ह्या बाळाचे वाढलेच नाही, यास १. बेरीज ४ किंवा ५ आली तर धोका मोठा, १ ते ३ मध्यम, शून्य म्हणजे कमी. हॉलंडसारख्या सुखवस्तू देशात या मोजणीत ६२ टक्के दाखल मुले मध्यम किंवा मोठ्या धोक्यात निघाली.

आम्ही या पुस्तिकेत हीच पद्धत मुख्य धरली आहे, कारण रात्रपाळीला तीस मुलांमागे एक सिस्टर असताना यापेक्षा मोठे काही चालणार नाही. पण ती जशीच्या तशी घेतलेली नाही. तिच्या पहिल्या प्रश्नाशी माझे भांडण आहे. डच नर्सला हडकुळे मूल चटकन खटकते, कारण तिच्या आजूबाजूची मुले तशी नसतात. आपली नजर मेलेली आहे, हे मी कोणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. रोज तशीच मुले पाहून ती मरते. "आपल्याकडची मुलं अशीच असतात हो," हे वाक्य मी निवासी डॉक्टरांकडून ऐकले आहे, वरिष्ठांकडून ऐकले आहे आणि एकदा माझ्याच तोंडून. म्हणून सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत नजरेच्या जोडीला दंडाची टेप आम्ही सक्तीची केली आहे. डावा हात, खांद्याचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यावर हिरवा. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा राहतो का, हेही पाहायचे, कारण सूज आलेल्या मुलाचा काटा खोटे बोलतो. तसेच आजारांच्या यादीत आम्ही क्षयरोग ठळक अक्षरांत घातला आहे. युरोपात बनलेल्या यादीला आपण स्वतःची जोड द्यावीच लागते.

ही रंगीत टेप मुळात इराकमधली. १९७४ मध्ये अदनान शाकिर आणि डेव्हिड मॉर्ले यांनी ती जगापुढे आणली. पुढे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या कापून, त्यावर रंग लावून अशा टेपा स्वतः बनवल्या. दंड मोजून इतके काय कळते, असे नवे डॉक्टर विचारतात. त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच सापडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळे मोजली, वजन, लांबी, दंड, कातडीखालच्या चरबीची जाडी, सगळे. ही बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते मांस, स्नायू. आजारपणात शरीर सर्वांत आधी हाच स्नायू मोडून खाते. म्हणजे आपले मूल खाटेवर येते तेव्हाच त्याची गाठीची शिल्लक कमी असते, आणि खर्च मात्र वाढलेला असतो. नुसत्या एक अंश सेल्सिअस तापाने शरीराची ऊर्जेची गरज १० टक्क्यांहून अधिक वाढते. धाप लागलेल्या मुलाला श्वास घेण्यातच इतकी ताकद लागते की घास गिळायला उरत नाही. जिथे अशी मोजणी खेड्यातल्या ओसरीवर झाली, त्याच जिल्ह्यातल्या वातानुकूलित वॉर्डात ती होत नाही, याचे मला वाईट वाटते.

पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी वाढीचे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे घेतले आहेत. तेही पुण्याच्या वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने झालेले काम. तक्ते परिशिष्टात आहेत, त्यांच्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

मला इथे जास्त लिहायचे आहे ते दोन शब्दांबद्दल. एक सलाईन आणि दुसरा हलके.

"सलाईन चालू आहे ना, मग ताकद जातेच आहे की पोटात," हे वाक्य आई म्हणते, आजी म्हणते, बाहेर चहा प्यायला गेलेले बाबाही म्हणतात. त्यांची समजूत कोणी काढत नाही, कारण बाटली लटकलेली असली की सगळ्यांनाच काहीतरी चालले आहे असे वाटते. हिशेब असा आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. त्यातून साधारण ८५ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे एका मध्यम पोळीइतक्या. साध्या मिठाच्या सलाईनमधून काहीच नाही. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण हजार लागतात. एक चहाचा चमचा तेल किंवा तूप म्हणजे ४५ किलोकॅलरी. म्हणजे मऊ खिचडीवर घातलेले दोन चमचे तूप त्या अख्ख्या बाटलीपेक्षा जास्त ताकद देते. हा हिशेब आईला एकदा बोटांवर करून दाखवला की ती विसरत नाही. सलाईन गरजेचे असते, जुलाबात जीव वाचवते, पण ते पाणी आणि क्षार देण्यासाठी असते. अन्नाचे काम अन्नच करते.

दुसरा शब्द 'हलके'. राउंडला डॉक्टर म्हणतात, "हलकं खाऊ घाला." डॉक्टरांच्या मनात मऊ खिचडी असते. आईच्या कानावर पोचते ते वरणाचे पाणी, भाताची पेज, साबुदाण्याची लापशी. वरणाचे पाणी म्हणजे पातेल्यात डाळ तळाशी बसल्यावर वरून काढलेले पिवळे पाणी. डाळ घरच्यांच्या ताटात जाते आणि पाणी आजारी मुलाच्या वाटीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने नावालाच. केळे थंड, दही थंड, अंडे उष्ण, भात दिला की कफ होतो, असे एकेक करून ताट रिकामे होत जाते आणि शेवटी चहाबिस्किट उरते, कारण त्यावर कोणाचाच आक्षेप नसतो. आज्यांना मी कधी उलट बोलले नाही, त्यांचा मान ठेवूनच हे सांगावे लागते. "आजी, तुम्ही वरण घट्ट करा, चमचा उलटा केला तरी पडायला नको, आणि त्यावर तूप तुमच्याच हातानं घाला," असे म्हटले की बहुतेक आज्या ऐकतात. शेंगदाण्याचा बारीक कूट दुधात किंवा खिचडीत, उकडलेला बटाटा लोण्यात कुस्करून, नाचणीचे सत्त्व दुधात. यातले काहीही वॉर्डाच्या गॅलरीत डब्यातून येऊ शकते. डॉक्टरांना माझी विनंती एवढीच आहे की 'हलके' हा शब्द सोडा आणि पदार्थाचे नाव घ्या.

तिसरी गोष्ट उपाशी ठेवण्याची. भूल द्यायच्या आधी घन आहार आणि वरचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास, साधे पाणी दोन तास बंद ठेवणे पुरेसे असते. प्रत्यक्षात रात्री बारापासून मूल उपाशी असते, शस्त्रक्रिया दुपारी तीनला लागते किंवा उद्यावर जाते, आणि उद्या पुन्हा रात्री बारापासून उपास. फळ्यावर यादी लिहिताना लहान मुले आधी घ्यावीत आणि रद्द झाल्याचा फोन वॉर्डात लगेच यावा, एवढ्याने यातले बरेच टळते.

धोका ओळखल्यावर काय, हा खरा प्रश्न आहे. गुण लिहून कागद फाइलीत ठेवायचा असेल तर ही सगळी खटपट करूच नये. शून्य गुणांच्या मुलाची आठवड्याने पुन्हा पाहणी. मध्यम धोक्याच्या मुलाच्या ताटाची नोंद, पूर्ण खाल्ले, अर्धे, पाव, काहीच नाही, एवढ्या चार खुणांची, आणि एक दिवसाआड वजन. मोठ्या धोक्याच्या मुलासाठी त्याच दिवशी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांचा सल्ला, कोणी बोलावण्याची वाट न पाहता. माझ्या त्या मुलीने मला हे शिकवले.

आणि एक सावधगिरी, जी प्रत्येक सिस्टरने लक्षात ठेवावी. फार खंगलेल्या मुलाला एकदम भरपूर खाऊ घालणे घातक असते. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेली माणसे पोटभर अन्न मिळाल्यावर दगावली. उपासाला सरावलेल्या शरीरात अचानक अन्न गेले की रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढले जाते आणि हृदय दगा देऊ शकते. म्हणूनच तीव्र कुपोषित मुलासाठी पोषण पुनर्वसन केंद्रात आधी एफ-७५ देतात, शंभर मिलीत ७५ किलोकॅलरी, दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे, रात्रीसुद्धा. मूल स्थिरावले, भूक लागली की मगच एफ-१००. लाल टेपच्या मुलाला वॉर्डात दुधाचा पेला आणि केळी भरवून आपण पुण्य करतो असे कोणी समजू नये. त्याला केंद्राचा मार्ग दाखवणे हेच योग्य.

सिस्टरांचा एक आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी मनापासून मान्य करते. आणखी एक फॉर्म. आधीच रजिस्टरे, ऑनलाइन नोंदी, इन्फेक्शन कंट्रोलचे तक्ते. माणसे कमी, खाटा जास्त. म्हणून आम्ही नवा फॉर्म केलेला नाही. चार प्रश्न, दंडाचा घेर आणि बेरीज, हे सगळे केस पेपरच्या पहिल्या पानावर वजनाच्या रकान्यालगत शिक्का मारून बसेल असे केले आहे. शिक्क्याचा नमुना पुस्तिकेत आहे, कोणत्याही शिक्केवाल्याकडून करून घेता येतो. ज्या वॉर्डांत आम्ही तो वापरून पाहिला तिथल्या सिस्टरांनीच त्यातला एक शब्द बदलून दिला. आधी तिथे 'कुपोषण तपासणी' असे होते. "ते वाचून आई रडती ताई," असे एकीने सांगितले. आता तिथे 'खाण्याची नोंद' असे आहे.

शेवटी डिस्चार्ज कार्ड. त्यावर आहाराच्या पुढे आपण 'सकस आहार' लिहितो. या दोन शब्दांनी आजवर एकाही मुलाचे वजन वाढलेले नाही. त्या जागी घरी जातानाचे वजन लिहा, दंडाचा घेर लिहा आणि पुन्हा वजन करायची तारीख लिहा. माणसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण असते. बांधकामावरच्या कुटुंबाचे नाव नांदेड-परभणीच्या किंवा छत्तीसगडच्या एखाद्या गावच्या अंगणवाडीत असते आणि मूल इथे पत्र्याच्या खोलीत. इथल्या अंगणवाडीत ते कोणाच्याच यादीत नसते. साइटवर पाळणाघर असले तर नशीब. तारा मोबाइल क्रेशेससारख्या संस्था पुण्यात ते काम करतात, पण प्रत्येक साइटवर त्या पोचू शकत नाहीत. म्हणून घरी सोडताना आईला जवळची अंगणवाडी कुठली, आशाताईंचा फोन कोणता, हे कार्डावर लिहून द्यावे. काम संपले की हे कुटुंब चाकणला किंवा तळेगावला जाईल. कार्ड त्यांच्याबरोबर जाईल, आपल्या संगणकातली नोंद जाणार नाही.

ही पुस्तिका वॉर्डातल्या सिस्टर, निवासी डॉक्टर, आहारतज्ज्ञ, आरोग्य केंद्रातल्या परिचारिका आणि आशा यांच्यासाठी लिहिली आहे. पहिल्या भागात मोजमाप, दुसऱ्यात प्रश्न आणि गुण, तिसऱ्यात वॉर्डाच्या स्वयंपाकघरात आणि घरच्या डब्यात होणारे पदार्थ, त्यांच्या किलोकॅलरी आणि प्रथिनांसह. तिसरा भाग सर्वांत मोठा झाला आहे, तो तसाच ठेवला. सुरुवातीपासून वाचायला वेळ नसेल तर तिथूनच सुरू करा.

मागच्या पुठ्ठ्याच्या आत दंड मोजायची एक टेप चिकटवलेली आहे. ती काढून घ्या, वॉर्डातल्या वजनकाट्याच्या दांडीला दोऱ्याने बांधून ठेवा, आणि आज दाखल होणाऱ्या पहिल्या मुलाचे वजन केस पेपरवर लिहिताना तिच्याकडे हात जाऊ द्या.